कॅनडात 'विझर्ड ऑफ ऑझ'चे विडंबन करणारा स्वतंत्र चित्रपट काढायला परवानगी लागते का?

मूळ कथेसाठी लागत नाही. एल. फ्रँक बॉम यांची कादंबरी १९०० साली आली आणि लेखक १९१९ मध्ये निवर्तले, त्यामुळे तिचा कॉपीराइट संपला असून डोरोथी, पत्र्याचा माणूस, भित्रा सिंह ही पात्रे आज कोणीही वापरू शकतो. सावध राहायचे ते तिच्यावरच्या १९३९ च्या चित्रपटाबाबत, कारण अमेरिकेत त्याचा कॉपीराइट २०३४ अखेरपर्यंत आहे आणि आपल्या मनात ठसलेल्या कितीतरी गोष्टी पुस्तकातल्या नाहीतच: पुस्तकात डोरोथीच्या पायांत चांदीचे बूट आहेत, माणकांचे लाल बूट टेक्निकलरमध्ये, म्हणजे त्या काळच्या रंगीत चित्रणात, उठून दिसावेत म्हणून आणले गेले, आणि चेटकिणीची हिरवी कातडीही पडद्यावरचीच.

कॅनडाच्या कायद्याने २०१२ साली विडंबन आणि उपहास यांना 'फेअर डीलिंग'मध्ये, म्हणजे परवानगीशिवाय मर्यादित वापर करण्याच्या मुभेत, स्पष्ट जागा दिली, ही छोट्या निर्मात्यांसाठी फार मोलाची गोष्ट आहे. मात्र नुसते विडंबन म्हणून भागत नाही. मूळ कृतीतून किती घेतले आणि तिच्या बाजारावर काय परिणाम झाला, हेही न्यायालय तपासते. शिवाय ही मुभा कॅनडापुरतीच आहे, अमेरिकेत प्रदर्शन करायचे असल्यास तिथले निकष वेगळे लागतात. म्हणून पटकथा लिहिताना चित्रपट नव्हे, पुस्तक शेजारी उघडे ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.