सोलापुरातल्या टॉवेल कारखान्याचा कार्बन फूटप्रिंट कमी कसा करायचा?

तुमचे टॉवेलचे माग आहेत, सोबत छोटं डाइंग आहे, आणि परदेशी गिऱ्हाईक कार्बन फूटप्रिंट, म्हणजे माल तयार होताना किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो ते, विचारतंय. छपरावर सोलर टाकलं की भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

सोलर जरूर टाका, पण त्याआधी वाफेकडे बघा. अक्कलकोट रोडच्या एका डाइंगमध्ये मी बरीच वर्षं बॉयलर सांभाळला. सूत ब्लीच करायचं, रंगवायचं, वाळवायचं, सगळ्याला वाफ लागते आणि ती कोळसा नाहीतर लाकूड जाळून येते. तो धूर पॅनलने कमी होत नाही.

आमच्याकडे कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं गरम पाणी, सरळ गटारात जायचं. थंडीत पहाटे गटारावर पांढरा ढग उभा राहायचा. कितीतरी दिवस तो मी नुसता बघत होतो. मग पाइपला लॅगिंग करून, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं आवरण गुंडाळून, ते पाणी बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीडच्या टाकीत वळवलं. टाकीतलं पाणी 30 अंशांवरून सत्तरीच्या पुढे गेलं. फीडचं पाणी 6 अंशांनी तापलं की इंधन साधारण 1 टक्का वाचतं, त्यामुळे सहा-सात टक्के कोळसा तिथेच वाचला. शिवाय ते मऊ, क्षार नसलेलं पाणी असतं. सोलापूरकराला पाण्याची किंमत मी काय सांगावी! फक्त रंगाच्या टाकीतली वाफेची कॉइल गळकी नाही ना, हे आधी तपासा, नाहीतर रंग बॉयलरमध्ये जातो.

सूत हायड्रोत, म्हणजे गरागरा फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रात, नीट पिळून मगच वाळवा. ऊन असेल तर बांबूवर टाका; आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने त्याची चैन आहे. इंधन बदलणार असाल तर बगॅसचे ब्रिकेट, म्हणजे उसाची चिपाडं दाबून केलेल्या कांड्या, बघा, जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत. लाकूड मात्र कुठून तोडून आलंय हे कळल्याशिवाय घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता वीज. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. 1 किलोवॅट पॅनल दिवसाला चारेक युनिट देतं. आपल्याकडे धूळ फार, पॅनल पुसायला माणूस ठरवून ठेवा.

आणि काहीही बदलण्याआधी, उद्यापासूनच, एक वही घाला: रोजचं इंधन किलोत, मीटरचं रीडिंग, तयार मालाचं वजन. एक किलो टॉवेलमागे किती कार्बन, ते याच वहीतून निघेल. जुने आकडे नसतील तर पुढे फरक दाखवणार कशाशी?