पुराणकथांचा अभियांत्रिकीवरील प्रभाव केवळ नावांपुरताच असतो का?

बहुतांशी नावांपुरताच, पण नावाबरोबर कथेतील इशाराही येतो. १९६० साली नासाच्या एब सिल्व्हरस्टीन यांनी नियोजित मानवी मोहिमेला ‘अपोलो’ हे नाव सुचवले (चंद्राकडे जायचे आणि नाव मात्र सूर्याशी जोडलेल्या ग्रीक देवाचे!), तर २०१९ मध्ये नव्या चांद्रमोहिमेला त्याच्या जुळ्या बहिणीचे, आर्टेमिसचे नाव मिळाले.

मला अधिक बोलके वाटते ते इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संगणकाचे उदाहरण: ज्यू गूढवादाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी सुचवल्यावरून १९६५ साली त्याचे नाव ‘गोलेम’ ठेवले गेले आणि मंत्राने सजीव झालेला मातीचा पुतळा निर्मात्यालाच आवरेनासा होतो, या ज्यू दंतकथेतील प्रश्न आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियंत्रणाबाबत जवळजवळ त्याच स्वरूपात विचारला जातो. यंत्राचा आराखडा मात्र गणितावरच बेततो; पुराणातून तो निघत नाही.