खालची खाज आणि सुरतेचा संशय

खालच्या जागी खाज सुटली, की लग्न झालेल्या बाईला आधी नवऱ्याचीच शंका येते. माझ्यासमोर बसून बायका चाचरत हेच विचारतात. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडच्या एका बाईनंही तेच विचारलं, ते अहिराणीत : "ताई, हाई वाईट रोग शे का?" (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

नवरा सुरतेला कापड गिरणीत, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तो येऊन गेला आणि त्यानंतर हिची खाज वाढली. सासूला सांगायची सोय नाही, नवऱ्याला फोनवर काय विचारणार? रात्रभर खाजवून कातडी सोललेली. खुर्चीवरही ती अंग चोरून, एका बाजूला कलून बसली होती.

"नवऱ्याचा काही दोष नाही" असं मी तिला सांगितलं नाही. तपासणीआधी असा दिलासा देणं मला पटत नाही. सरकारी रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं, हे सांगितलं. त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे चिठ्ठीही दिली. मग विचारलं, "आंघोळीला बसल्यापासून काय काय करतेस, सगळं सांग."

तिनं पिशवीतून एक प्लास्टिकची थैली काढली. जंतुनाशकाची बाटली, "तिथल्या" स्वच्छतेचं सुगंधी लिक्विड आणि टोकापर्यंत गुंडाळून पिळलेली मलमाची ट्यूब. बादलीत आधी एक झाकण जंतुनाशक टाकायची, खाज वाढली तशी तीन टाकू लागली. दिवसातून तीनदा कढत पाण्यानं, साबण लावून धुवायची. मला तर त्या थैलीतच निम्मं उत्तर दिसलं. योनीमुखाभोवतीची कातडी पातळ असते. साबण, जंतुनाशक, सुगंध यांनी तिच्यावरचा तेलकट थर निघून जातो, मग घाम, लघवी, पॅडचं घासणं, सगळंच झोंबतं. बाई समजते की घाण राहिली, आणि आणखी धुते.

दुसरी गोष्ट पाण्याची. तिच्या गावात उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. कपडे एकाच पाण्यात खळबळून वाळत पडायचे. आतल्या कपड्यांच्या शिवणीत डिटर्जंट राहायचं, आणि पारा पंचेचाळिशीकडे गेला की नायलॉनच्या निकरमध्ये ते घामात विरघळून दिवसभर कातडीला लागायचा. लहानपणी कोपराच्या खळग्यात इसब होतं, आईला दमा होता, हेही बोलता बोलता निघालं. अशांची कातडी मुळातच लवकर चिडते.

एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) तपासणी निर्दोष आली, साखरही ठीक. खरवडून पाहिलं तर बुरशी नव्हती. डॉक्टरांनी निदान केलं : स्पर्शानं होणारं इसब, आणि खाजवून जाड झालेली कातडी. नुसत्या साध्या पाण्यानं दिवसातून एकदा, हातानं धुवायचं. वर साधी पेट्रोलियम जेली. सौम्य स्टिरॉइड मलम, मोजून दिलेल्या दिवसांपुरतं. सुती, सैल कपडे, आणि पाणी कितीही कमी असलं तरी आतले कपडे दोनदा खळबळायचे. बिनवासाचे पॅड, ओले होण्याआधी बदललेले. रात्री झोपेत नखं लागतात, म्हणून ती कापायची.

ट्यूबचं प्रकरण मात्र वेगळंच निघालं. ती नवऱ्यानंच मेडिकलमधून आणली होती, त्याच्या जांघेतल्या गजकर्णासाठी. दोघं एकच ट्यूब वापरत होते! तीत स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक असं सगळं एकत्र. अशा मलमानं गजकर्णाची लाली दबते, खाज थांबते आणि आत बुरशी पसरत जाते. शिवाय जांघेतून, अंडकोशावरून औषध फार शोषलं जातं : १९६७ साली छापलेल्या एका अभ्यासात कोपराखालच्या हातापेक्षा अंडकोशाच्या कातडीतून हायड्रोकॉर्टिझोन ४२ पट शिरलेलं दिसलं. स्टिरॉइडची मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम आहे. तरी ती सहज मिळतात, याचा मला राग येतो. नवऱ्याला वेगळी औषधं मिळाली, टॉवेल वेगळे झाले.

नवरा पुढच्या फेरीला तिच्यासोबत आला, स्वतःच तपासणी करून घेतली, तीही निर्दोष. मग दोघं बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. खाज महिन्याभरात बरीच उतरली. दिवाळीत नव्या वासाच्या साबणानं पुन्हा उठली, तेव्हा तो तिनं स्वतःहून बंद केला.

जिला पांढरे, गुळगुळीत चट्टे दिसतात, न भरणारी जखम आहे, फोड येतात, दह्यासारखा किंवा दुर्गंधीचा स्राव जातो, किंवा खाज घरात सगळ्यांनाच, रात्री, बोटांच्या बेचक्यांतही आहे, तिचं कारण वेगळं असू शकतं. तिनं साबण बदलून वाट बघत बसू नये, लवकर दाखवावं. आणि जाताना मेडिकलमधून आणलेली ट्यूब सोबत न्यावी. डॉक्टरांना ती बघायची असते.