गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या मुखाजवळची मासळी लहान होत चालली आहे का, हे पकडीच्या मोजमापांवरून ठरवता येतं का?

येतं, पण नुसती सरासरी लांबी काढून नव्हे. सरासरी फसवते. पावसाळ्यानंतर खाडीत पिलं शिरली की ती आपोआप खाली येते. त्यात मासेमारीचा दोष असेलच असं नाही. म्हणून लांबीची पूर्ण वारंवारता, म्हणजे कोणत्या लांबीचे किती मासे, ती मांडा, दर महिन्याला आणि प्रत्येक जाळ्याची वेगळी.

जाळ्याचं मी मुद्दाम सांगतो. गिल जाळं, म्हणजे ज्यात मासा कल्ल्यांशी अडकतो ते, ठरावीक आकाराचाच मासा धरतं, खूप लहान निसटतो, खूप मोठा अडकत नाही. बारीक आसाचं (आस म्हणजे जाळ्याचं भोक) पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, मात्र पिलंही उचलतं. जाळ्याची ही निवड हिशेबात घेतली नाही तर तुम्ही मासे नाही, जाळंच मोजताय.

मग प्रत्येक लांबीला किती मासे प्रजननक्षम आहेत ते मांडून त्यावर लॉजिस्टिक (एस-आकाराचा) वक्र बसवा आणि ज्या लांबीला निम्मे मासे प्रजननक्षम होतात ती काढा. मुडदुशी, शेवटे, काळुंदर, प्रत्येक जातीची वेगळी. पकडीत त्याहून लहान किती, हा खरा आकडा. मत्स्यशास्त्रज्ञ राइनर फ्रोएझे यांनी २००४ मध्ये आणखी दोन कसोट्या दिल्या: बहुतेक पकड इष्टतम लांबीच्या (ज्या लांबीला पकडल्यास सर्वाधिक वजन मिळतं) आसपास हवी आणि थोराड माद्या पाण्यातच राहायला हव्यात.

१ जून ते ३१ जुलैची ट्रॉलरबंदी हवीच, पण खाडीतल्या पिलांना वाचवायला आसाचा आकारही वाढवायला हवा.