स्क्रूड्रायव्हर घसरून मदरबोर्डवरचा ट्रॅक (तांब्याची बारीक रेघ) तुटला, घरी जोडता येईल का?

येईल, पण आधी कुठला तुटलाय ते बघा. फॅन किंवा फ्रंट पॅनेलचा साधा ट्रॅक असेल तर बिनधास्त करा. रॅम आणि प्रोसेसरच्या मधला असेल तर हात लावू नका. तिथे ट्रॅकची लांबीसुद्धा मोजूनमापून ठेवलेली असते.

पॉवर केबल आणि बटण सेल काढा. तुटलेल्या दोन्ही टोकांवरचा रंग ब्लेडने हलकेच खरवडा. तांबं चमकलं की फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावून थोडं सोल्डर चढवा, वर ०.१ मिमीची इनॅमल वायर जोडा (टोकांचं इनॅमल, म्हणजे वरचा लेप, काढून, नाहीतर सोल्डर धरणार नाही). पॉवरच्या ट्रॅकला जाड वायर लागते. मल्टिमीटरची बीप ऐका (वाजली म्हणजे जोड लागला), शेजारच्या ट्रॅकशी शॉर्ट नाही ना तेही तपासा. शेवटी यूव्ही मास्क (यूव्ही प्रकाशात कडक होणारा संरक्षक रंग) लावा.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.