नवा मॅनेजर आला, आता भांडा! वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

गेल्या अंकात विचारलं होतं की आपल्या फुटबॉल क्लबने नवीन मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच, आणला की ती निवड बरोबर का चूक हे तुम्ही कशावरून ठरवता. पत्रं बरीच आली, रागाची जास्त आली, आणि ते बरंच झालं, कारण राग येतो म्हणजे जीव आहे क्लबवर. त्यातले काही प्रश्न इथे घेतोय.

प्रश्न : आमचा सगळा ग्रुप मँचेस्टर युनायटेडवाला. दर वेळी नवीन मॅनेजरची चर्चा सुरू झाली की तीन पार्ट्या पडतात. एकांना मोठं नाव हवं, दुसऱ्यांना क्लबचा जुना प्लेअर हवा आणि तिसऱ्यांना स्वतःची सिस्टिम असलेला तरुण कोच. आता तर तिन्ही करून झालंय. मग बघायचं तरी काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिन्ही करून झालंय हे तुम्हीच लिहिलंत, म्हणजे प्रश्न नावाचा नाही हे तुम्हाला आतून माहीत आहे. मी पण युनायटेडचाच, त्यामुळे जरा लांबण लागेल.

२०१३ मध्ये युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा टीम चॅम्पियन होती, तीही ११ पॉइंटने. पुढचा माणूस म्हणून डेव्हिड मोयेसचं नाव खुद्द फर्ग्युसननी सुचवलं, सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, स्टेडियममध्ये ‘हाच तो निवडलेला’ अशा अर्थाचा बॅनर लागला, आणि दहा महिन्यांत नारळ. सीझन संपला तेव्हा टीम सातवी. आजही लोक म्हणतात मोयेस छोटा माणूस होता, त्याला झेपलं नाही. पण त्याच उन्हाळ्यात क्लबचा सगळा कारभार बघणारे डेव्हिड गिल पण पद सोडून गेले हे किती जणांना आठवतं? खेळाडूंचे सौदे कोण करणार, कोणाला फोन करायचा, कोण किती पैशात येतो हे माहीत असलेला माणूस आणि मॅनेजर एकाच वेळी गेले. वर मोयेसनी फर्ग्युसनचे जुने कोच, फेलन, म्युलेनस्टीन, यांनाही जाऊ दिलं आणि स्वतःची माणसं आणली. फेलायनी या खेळाडूला २ कोटी ३५ लाख पाउंडात घेता येत होतं, ती मुदत जुलैअखेर संपली, मग विंडोच्या, म्हणजे खेळाडू खरेदीच्या मुदतीच्या, शेवटच्या दिवशी २ कोटी ७५ लाख मोजले. ही मॅनेजरच्या डावपेचांची चूक नाही, ऑफिस चालत नव्हतं त्याची आहे.

मग पुढे बघा, दर वेळी मागच्याच्या बरोबर उलटा माणूस. मोयेसला मोठ्या क्लबचा अनुभव नाही म्हणून व्हॅन गाल आणला, त्याचा खेळ कंटाळवाणा म्हणून २०१६ मध्ये एफए कप जिंकून दोन दिवस होतायत तोवर काढला आणि मोरिन्यो आला, तो ड्रेसिंग रूममध्ये भांडतो म्हणून क्लबचा जुना खेळाडू, सगळ्यांचा लाडका सोल्शार, सोल्शारकडे पद्धत नाही म्हणून मधे काही महिने राग्निक आणि मग टेन हाग. प्रत्येकाला आपापले खेळाडू हवे होते आणि प्रत्येकाला थोडे थोडे मिळाले, त्यामुळे टीम वेगवेगळ्या शिंप्यांनी शिवलेल्या गोधडीसारखी होत गेली. डि मारियाला २०१४ मध्ये जवळजवळ ६ कोटी पाउंडात घेतलं आणि एका वर्षात विकलं, कारण तो कुठे खेळणार हे घेताना कोणी ठरवलेलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त दुखतं ते २०२४ चं. टेन हागने मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला, लीगमध्ये मात्र आठवा. नव्या मालकांच्या माणसांनी आढावा घेतला, बाहेर दुसऱ्या कोचांशी बोलणी केली, मग म्हणाले राहू दे यालाच, वर कॉन्ट्रॅक्ट वाढवून दिलं, उन्हाळ्यात डी लिख्त, मझरावी, झर्कझी, उगार्ते वगैरे घेऊन दिले आणि २८ ऑक्टोबरला काढून टाकलं. त्या जागी रुबेन अमोरिम. अमोरिम साधा कोच नव्हे, स्पोर्टिंग या क्लबला १९ वर्षांनी पोर्तुगालची लीग जिंकून दिली होती त्याने, नंतर परत एकदा जिंकली. पण तो तीन सेंटरबॅक (मधले बचावपटू) आणि दोन विंगबॅक (कडेने वर-खाली पळणारे) लावून खेळतो हे अख्ख्या युरोपला माहीत होतं, आणि युनायटेडकडे धड विंगबॅक नव्हते आणि सीझन अर्ध्यात. निकाल काय लागला, ४२ पॉइंट, पंधरावा नंबर, आणि बिलबाओला युरोपा लीगच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून ०-१. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून एवढे कमी पॉइंट युनायटेडचे कधीच नव्हते.

म्हणून तुमच्या ग्रुपमध्ये पुढच्या वेळी नाव आलं की आधी हे विचारा की निवड नक्की कोणी केली आणि तो माणूस दोन वर्षांनी खुर्चीत असणार का. डॅन अ‍ॅशवर्थला स्पोर्टिंग डायरेक्टर (खेळाडू आणि कोच निवडणारा अधिकारी) म्हणून आणायला महिनोन्‌महिने घालवले आणि पाच महिन्यांत तोच गेला! दुसरं म्हणजे आत्ताच्या टीममधले किती जण नव्या माणसाच्या खेळात बसतात ते एकेक नाव घेऊन मोजा. त्याच्या कपाटात किती ट्रॉफ्या आहेत ते मग बघू.

प्रश्न : आमच्याकडे तालमीच्या फुटबॉल टीमचा कोच बदलला तरी पेठेत आठवडाभर दुसरा विषय नसतो, त्यामुळे हा प्रश्न जवळचा आहे. नवीन मॅनेजर आला की पहिल्या पाच-सहा मॅच टीम जिंकत सुटते आणि मग परत तेच रडगाणं. असं का होतं?
— शाहू स्टेडियमचा नेहमीचा प्रेक्षक, कोल्हापूर

उत्तर : कारण मॅनेजरला काढतात तेव्हा टीम तिच्या नेहमीच्या पातळीच्या पण खाली गेलेली असते. पोस्टला लागून बॉल बाहेर जातोय, दोन-तीन मेन खेळाडू जखमी आहेत, कीपर बावचळलाय. यातलं बरंचसं आपोआप सरळ होतं, मॅनेजर कोणीही असो. त्यात बेंचवर बसवून ठेवलेले खेळाडू नव्या साहेबांसमोर जीव तोडून पळतात, तेही खरंच आहे.

सोल्शारचंच घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये तात्पुरता आला, पहिल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, पॅरिसला जाऊन ३-१ मारलं, आपण सगळे नाचलो. मार्चअखेर पर्मनंट केलं आणि सीझनच्या उरलेल्या दहा मॅचमध्ये दोन विजय. एव्हर्टनकडे ०-४. मे महिन्यापर्यंत थांबले असते तर काहीच बिघडणार नव्हतं, तो कुठे पळून जाणार नव्हता. त्या वेळी बाहेर जोर होता तो आपल्यासारख्या फॅन्सचा आणि टीव्हीवर बसणाऱ्या जुन्या खेळाडूंचा, आणि बोर्ड त्या लाटेत वाहून गेलं. तालमीलाही हेच लागू पडतं बघा. नव्या कोचला पहिल्या स्पर्धेवरून डोक्यावर घेऊ नका आणि पहिल्या स्पर्धेवरून हाकलूही नका.

प्रश्न : क्लबचा जुना खेळाडू मॅनेजर म्हणून आणणं म्हणजे फॅन्सच्या भावनांशी खेळणं असं माझं मत आहे. माझा भाऊ म्हणतो ग्वार्डिओला विसरलीस का. तुम्ही सांगा.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, भाऊ अर्धा बरोबर आहे. ग्वार्डिओलाला २००८ मध्ये बार्सिलोनाने घेतलं तेव्हा मोरिन्योशी पण बोलणी झाली होती, म्हणजे मोठं नाव समोर होतंच. पण ग्वार्डिओला त्याआधी वर्षभर बार्साच्या ब टीमला चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये शिकवत होता आणि तिला वर चढवून दाखवलं होतं. झिदान रियालमध्ये आधी आन्चेलोत्तीच्या हाताखाली होता, मग ब टीम सांभाळली, आणि पुढे लागोपाठ तीन चॅम्पियन्स लीग. झाबी अलोन्सो रियाल सोसिएदादच्या ब टीमबरोबर घासत होता, तिथून लेव्हरकुसेनला गेला.

उलट पिर्लो बघा. युव्हेंटसने त्याला २०२० च्या जुलैअखेर २३ वर्षांखालच्या टीमचा कोच केलं आणि दहा दिवसांच्या आत थेट मेन टीमचा. एक मॅचसुद्धा कोच म्हणून केली नव्हती. टीम लागोपाठ नऊ वर्षं चॅम्पियन होती, ती चौथी आली. इटालियन कप जिंकला खरा, पण वर्षभरात गेला. मला पिर्लोचं वाईट वाटतं, इतका देखणा खेळाडू, आणि त्याला शिकायला वेळच दिला नाही. म्हणजे तुम्ही म्हणता ते भावनांशी खेळणं होतं, पण जुना खेळाडू होता म्हणून नव्हे, मधली वर्षं कोरी होती म्हणून.

प्रश्न : मी आणि नवरा दोघंही लिव्हरपूलचे. २०२४ मध्ये मॅनेजर क्लॉपनंतर अलोन्सो येणार असं धरून चाललो होतो आणि आला आर्ने स्लॉट. इथे ऑफिसमध्ये इंग्लिश लोकसुद्धा म्हणत होते कोण हा. क्लबला तेव्हा काय दिसलं जे आम्हाला दिसलं नाही?
— एक मराठी कुटुंब, लेस्टर

उत्तर : क्लॉपने २६ जानेवारी २०२४ ला जाहीर केलं की मी उन्हाळ्यात जातोय, त्यामुळे क्लबला वेळ मिळाला, ही क्लॉपची शेवटची मोठी मदत म्हणा. त्या वेळात क्लबने आधी मॅनेजर नाही शोधला, मॅनेजर शोधणारी माणसं आणली. पूर्वी क्लबची खेळाडू खरेदी बघणारा मायकेल एडवर्ड्स परत आला, त्याने बोर्नमथचा रिचर्ड ह्यूज स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून घेतला. मार्चअखेर अलोन्सोने लेव्हरकुसेनलाच थांबतो सांगितलं, तेव्हा गोंधळ उडाला तो बाहेर. आत यादी होतीच.

स्लॉटमध्ये दिसलं ते असं की त्याच्या फेयनूर्ड या डच क्लबचा खेळ क्लॉपच्या टीमला ओळखीचा वाटेल असा होता, वर चढून बॉल हिसकावायचा, फोर-थ्री-थ्रीच्या (चार बचावात, तीन मधे, तीन पुढे) आसपासची रचना, आणि कमी पैशात २०२३ ला डच लीग जिंकलेली. शिवाय त्याला फक्त हेड कोच म्हणून आणलं, खरेदी-विक्री त्याच्या डोक्यावर नाही आणि ते त्याला मान्य होतं. पहिल्या उन्हाळ्यात मेन टीमसाठी घेतला एकटा कियेझा, तोही फारसा खेळला नाही. ग्राव्हेनबर्खला मागे आणून बचावासमोर उभा केला आणि सगळी टीम बदलल्यासारखी वाटली. २७ एप्रिल २०२५, टॉटनहॅम ५-१, चार मॅच बाकी असताना चॅम्पियन.

पुढच्या मोसमात व्हिर्ट्झ, इसाक, एकिटिके असे अफाट पैसे ओतले, टीममधल्या जोटाच्या मृत्यूचं दुःख टीमवर होतं, आणि सप्टेंबरअखेरपासून हार मागून हार. लगेच तेच लोक म्हणायला लागले की पहिलं वर्ष क्लॉपच्या टीमनेच जिंकलं. हे मला पटत नाही. तयार टीम न मोडता वापरणं हे पण काम आहे, मोयेसला ते जमलं नव्हतं.

प्रश्न : प्रीमियर लीगचं ठीक आहे हो, आपल्या मुंबई सिटीचं कोण बोलणार? २०२३ मध्ये कोच बकिंगहॅम भर सीझनमध्ये इंग्लंडला गेला आणि आम्हाला न विचारता एक चेक माणूस आणला. आणि मुंबईचाच खालिद जमील आसपास असताना बाहेरचाच का?
— अंधेरीच्या स्टँडमधला एक, ठाणे

उत्तर : बरं झालं विचारलंत. डेस बकिंगहॅम ऑक्सफर्ड युनायटेडला गेला तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं, त्याच्याच हाताखाली २०२२ मध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं होतं, एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. पण त्याची जागा घेणारा पीटर क्राटकी काही असाच उचलून आणला नव्हता. त्या वेळी मालकी सिटी फुटबॉल ग्रुपकडे होती, आणि बकिंगहॅम काय, क्राटकी काय, दोघेही मुंबईला यायच्या आधी त्याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीत असिस्टंट होते. एकाच शाळेतला पुढचा मुलगा. म्हणून टीमला सगळं नव्याने शिकावं लागलं नाही. फातोर्ड्याच्या सेमीफायनलमध्ये ९० व्या मिनिटापर्यंत ०-२ मागे आणि शेवटी ३-२, छांगतेचा तो गोल मी अजून मोबाइलवर ठेवलाय, आणि ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला ३-१ करून आयएसएल (इंडियन सुपर लीग) कप. पुढच्या वर्षी सहावा नंबर आणि बंगळुरूकडून ०-५, हेही खरं.

खालिदबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आयझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून दिलेला माणूस, त्याला आयएसएलमध्ये पर्मनंट हेड कोच व्हायला २०२१ उजाडलं. तिथे असा तो पहिला भारतीय. परदेशी कोच घ्या, जरूर घ्या, पण इंटरव्ह्यूला तरी भारतीय माणूस बोलवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो थेट भारताचा कोच झाला, तेव्हा तरी मुंबईत सगळ्यांना आठवलं की हा आपल्या कूपरेज मैदानाचा.

प्रश्न : २०२१ च्या डिसेंबरमध्ये कोच फेरांडो एफसी गोवा सोडून भर सीझनमध्ये कोलकात्याला गेला तेव्हा आम्ही खूप ओरडलो. काही झालं नाही. आमच्या ओरडण्याने कधी कुठे फरक पडलाय का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : फेरांडोच्या बाबतीत पडणारच नव्हता, कॉन्ट्रॅक्टमध्ये रिलीजची रक्कम (ती भरली की कोच मोकळा) होती आणि मोहन बागानने ती भरली. तिथे जाब विचारायचा तर क्लबला विचारायचा, सीझनच्या मध्यात लागू होणारी अट लिहिलीच कशी. नशीब की डेरिक परेरा क्लबमध्येच होते म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रेनिंग घ्यायला माणूस तरी मिळाला.

पण फरक पडतो, हो. २०२१ च्या जूनमध्ये टॉटनहॅम गाट्टुसोला मॅनेजर म्हणून घ्यायच्या बेतात होतं, फॅन्सनी त्याची स्त्रियांबद्दलची आणि वर्णद्वेषाबद्दलची जुनी विधानं बाहेर काढली, ऑनलाइन रान उठवलं आणि क्लबने बोलणी थांबवली. माझ्या मते बरोबर केलं. नंतर जो आणला, नुनो, तो चार महिन्यांत गेला, कारण फॅन्स ‘हा नको’ म्हणू शकतात, ‘कोण हवा’ हे शोधायचं काम क्लबचंच राहतं. त्याच महिन्यात एव्हर्टनने लिव्हरपूलचे जुने मॅनेजर बेनितेझ घ्यायचं ठरवलं, तर कोणीतरी त्यांच्या घराजवळ धमकीचा बॅनर लावला. त्याने निवड बदलली नाही, फक्त एका कुटुंबाला भीती बसली आणि ज्यांचे आक्षेप खरे होते त्यांचं कोणी ऐकेना. बेनितेझना सात महिन्यांत काढलं ते लीगमधल्या सततच्या पराभवांमुळे.

तुम्ही गोव्यातले, क्लबचं ऑफिस तुमच्यापासून तासाभराच्या आत आहे. लंडनच्या फॅनला जी गोष्ट ट्विटरवर करावी लागते ती तुम्ही दहा जण मिळून लेखी पत्र देऊन करू शकता : पुढच्या कोचच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सीझनच्या मध्यात जाण्याची अट आहे का, एवढंच विचारा. उत्तर आलं तर आम्हाला पाठवा, छापू.