परक्या देशात, नव्या संघात: सायकलपटूंचे प्रश्न

प्रश्न: सर, मी २१ वर्षांचा आहे. यंदा बेल्जियममधल्या एका कॉन्टिनेंटल, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या, संघात आलोय. चढावर माझे वॉट्स (पेडलवर लावलेल्या शक्तीचं माप) संघातल्या बहुतेकांपेक्षा चांगले आहेत, पण इथल्या केर्मिस शर्यतींत तासाभरात मागे पडतो. ताकद कमी पडतेय का?

ताकद आहे, ती चुकीच्या जागी खर्च होते आहे. केर्मिस म्हणजे गावाभोवतीचे छोटे फेरे. तीच अरुंद वळणं पुन्हा पुन्हा येतात. वळणावर पुढचे रायडर वेग जेमतेम कमी करतात. साठाव्या-सत्तराव्या जागेवरच्याला मात्र जवळजवळ थांबावं लागतं, आणि वळण संपताच उभं राहून पेडल मारत पडलेलं अंतर भरून काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक वळणाला एक स्प्रिंट. चढावर कमावलेले पाय त्यातच संपतात.

दुसरी गोष्ट आडव्या वाऱ्याची. वारा डावीकडून आला की पुढचे तिरकी रांग धरतात. पहिला रस्त्याच्या डाव्या कडेला, दुसरा त्याच्या उजव्या अंगाला किंचित मागे, असं करत रस्ता संपेपर्यंत. रस्ता जेवढा रुंद, तेवढ्यांनाच आडोसा. बाकीचे उजव्या कडेला एकामागे एक लागतात आणि प्रत्येकजण वारा अंगावर घेतो. तिथे सापडलास तर दात-ओठ खात पुढच्याच्या चाकामागे लटकू नकोस. मागच्या चार-पाच जणांना हाक मार आणि तिथल्या तिथे दुसरी तिरकी रांग सुरू करा. अनुभवी रायडर हेच करतात.

पहिल्या फेरीत एक काम कर. घरांची ओळ संपून मोकळी शेतं कुठे सुरू होतात, ती जागा हेरून ठेव. वारा तिथेच लागणार. प्रत्येक फेरीत त्या आधी पहिल्या विसांत असायला हवं. पुढे सरकायचं ते वारा समोरून असताना, कारण तेव्हा घोळका पसरतो, वेग उतरतो आणि आडोशातून वाट मिळते. महिनाभर निकालाकडे बघू नकोस. त्या जागेवर कितवा होतास, तेवढंच शर्यतीनंतर लिहून ठेव.

प्रश्न: मुलाला युरोपातल्या एका कॉन्टिनेंटल संघाचं बोलावणं आलंय. राहणं, सायकल, शर्यतींचा खर्च त्यांचा, असं फोनवर सांगितलं. आम्ही काय विचारावं?

आधी हे सगळं लेखी मागा. वर्ल्ड टीम आणि प्रो टीम या वरच्या दोन पायऱ्यांवर यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, किमान वेतन ठरवून दिलं आहे. कॉन्टिनेंटल पायरीवर ते बंधन नाही, त्यामुळे करारात लिहिलंय तेवढंच तुमचं.

पडून हाड मोडलं तर शस्त्रक्रियेचा खर्च कोणाच्या विम्यातून? बरा होईपर्यंत संघाच्या घरात राहता येईल का? हंगामाच्या मध्यात करार तुटला तर परतीचं तिकीट कोणाचं? सायकल दिली म्हणजे वापरायला दिली की कायमची? सायकलिंगमध्ये खांद्याचं हाड मोडणं काही विशेष नाही, तेव्हा पहिला प्रश्न विचारताना अजिबात संकोच करू नका.

आणि व्हिसा. शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, अल्पकालीन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. शर्यतींचा हंगाम वसंतापासून शरदापर्यंत चालतो, त्यात हे दिवस पुरत नाहीत. दीर्घ मुदतीचा व्हिसा बहुतेक वेळा निघण्याआधीच काढावा लागतो आणि त्यासाठी संघाची कागदपत्रं लागतात. “आधी येऊ दे, व्हिसाचं नंतर बघू” असं म्हणणाऱ्या संघाला, मला विचाराल तर, नकार द्या.

प्रश्न: मी स्पेनमधल्या जिरोनात संघाच्या फ्लॅटमध्ये दोघींबरोबर राहते. डोपिंग तपासणीच्या नोंदणीकृत यादीत माझं नाव आहे, म्हणजे रोज कुठे सापडेन ते आधी कळवावं लागतं. नवा पत्ता अ‍ॅपवर भरला की झालं ना?

पत्ता भरलास, आता खाली जाऊन दारावरची बेल बघ. त्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव असेल तर पहाटे आलेला अधिकारी कुठलं बटण दाबणार? बेलवर स्वतःचं नाव लाव, ती वाजते का ते मैत्रिणीला वर थांबवून तपास, मजला आणि दरवाजाचा क्रमांकही नोंदीत टाक. घरातल्या दोघींना तुझी वेळ माहीत हवी. फोन येईल या भरवशावर राहू नकोस.

रोज पहाटे ५ ते रात्री ११ मधला एक तास तू दिलेला असतो. त्या तासात सापडली नाहीस किंवा माहिती चुकीची निघाली, असं १२ महिन्यांत तीनदा झालं की तो थेट नियमभंग. शर्यतीचं हॉटेल ऐनवेळी बदललं तर संघाचं ऑफिस नोंद करेलही, पण जबाबदारी तुझीच राहते. सर्दीचं औषधसुद्धा संघाच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस.

प्रश्न: मीटिंगमधलं निम्मं कळत नाही. जेवताना सगळे त्यांच्या भाषेत हसत असतात. घरी जावंसं वाटतं, पण बोललो तर कच्चा समजतील.

कोणी कच्चा समजणार नाही. मार्च २०२२ मध्ये इरिट्रियाच्या बिनियम गिर्मायने गेंट-वेवेल्गेम ही बेल्जियममधली मोठी शर्यत जिंकली. आठवड्याने तिथलीच टूर ऑफ फ्लँडर्स ही त्याहून मोठी शर्यत होती आणि तो ऐन फॉर्मात होता. तरी तो आधी ठरल्याप्रमाणे घरच्यांकडे गेला, आणि संघाने जाऊ दिलं. २०२४ मध्ये त्याने टूर द फ्रान्सचे तीन टप्पे आणि गुणांच्या स्पर्धेची हिरवी जर्सी जिंकली. घरी जायची तारीख आत्ताच संघाच्या डायरेक्टरशी बोलून ठरवून टाक.

भाषेत आधी रस्त्यावरचे शब्द शीक: डावं, उजवं, खड्डा, वारा, पंक्चर, पाणी, थांब. मीटिंग संपल्यावर डायरेक्टरला एवढंच विचार: आज माझं काम काय आणि कितव्या किलोमीटरपर्यंत? बाटल्या आणायचं काम आलं तर मनापासून कर. मागे संघाच्या गाडीपर्यंत जाऊन सगळ्यांसाठी पाणी घेऊन परतणाऱ्या रायडरशी टेबलावर आपसूक कोणीतरी बोलतंच.

प्रश्न: माझा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, संघाच्या सायकलींवर डाव्या. सवय लावून घेऊ का?

अजिबात नको. घाबरल्यावर हात जुन्या सवयीनेच दाबतो, आणि ओल्या उतारावर त्याची किंमत मोठी आहे. हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्या नंतर बदलणं वेळखाऊ असतं, म्हणून सायकल बांधायच्या आधीच मेकॅनिकला कळव. त्याच मेसेजमध्ये सीटची उंची, सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर आणि क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबीही पाठव.